वाळलेल्या अंजनाची मोजणी

आमच्या घरची चूल दुसऱ्यांच्या चुलींवर चालायची. माय डोंगरातून लाकडाची मोळी आणायची, डोक्यावर घेऊन कन्नडच्या बाजारात जायची आणि विकून येताना पदरात ज्वारी बांधून आणायची. मोळी विकली गेली नाही तर ती परत आणण्यात अर्थ नसे. एवढं ओझं कोण उलटं वाहणार? मग एखाद्या हॉटेलवाल्याच्या मागल्या दारी टाकायची आणि तो देईल ते घ्यायचं. अशा दिवशी भाकरी अर्धीच असायची.

बाबा धडधाकट होते तोवर एवढी ओढ नव्हती. ते अंजनावर चढून पाला तोडायचे. अंजन हे आमच्या अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं झाड. आपट्याचं पान मधोमध फाडून त्याची दोन पानं केली तर जसं दिसेल, तसं त्याचं पान. गुरं त्यावर तुटून पडतात. उन्हाळ्यात सगळं रान पिवळं पडलं की गावची जनावरं अंजनाच्या पाल्यावरच तगायची. मोठ्या शेतकऱ्यांच्या गुरांसाठी बाबा दिवसभर झाडावर असत. एका उन्हाळ्यात पाय निसटला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून खुबा बांधला, पण एक पाय आखूड तो आखूडच राहिला. तेव्हापासून बाबा ओट्यावर बसून अंजनाची साल कुटायचे आणि तिचे दोर वळायचे. ज्या झाडानं पाडलं त्याच्याच सालीवर पोट भरतोय, असं ते हसत सांगायचे. आम्हाला हसू यायचं नाही.

मी सात-आठ वर्षांची असल्यापासून मायबरोबर डोंगरात जात होते. माझी मोळी लहान, पण मोळीच. सकाळी ती उतरवून तशीच शाळेत जायची. केसात सालपटं, मानेवर वळ. वर्गातल्या मुली वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आली लाकूडवाली." मी त्यांना सांगायचे, "आले. तुमच्या घरी भाकर कशावर भाजतात ते आईला विचारा." हे मी लाजून लिहीत नाही. झालं ते झालं, आणि उत्तर बरोबरच होतं.

एकदा जंगलखात्याच्या गार्डानं मायला खोऱ्यात धरलं. म्हणाला, "बाई, कुऱ्हाड इथं ठेव."

माय म्हणाली, "साहेब, कुऱ्हाड ठेवते. पोट कुठं ठेवू ते बी सांगा."

त्यानं कुऱ्हाड नेलीच. पुढचे कितीतरी दिवस माय हातानं मोडता येतील अशी वाळकी खोडं, बुंधे उपटून आणत होती. तिचे तळहात त्या दिवसांत असे झाले होते की वेणी घालताना माझे केस त्यांत अडकायचे.

आणि डोंगर? आजोबा सांगायचे, पोलिस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या काळात, अस्वलाच्या भीतीनं माणूस दिवसाही एकटा वर जात नसे. माझ्या लहानपणी भ्यायचं म्हटलं तरी भ्यायला काही शिल्लक नव्हतं. आधी मोळी पहिल्या उतारावरच मिळायची. मग पुढच्या खोऱ्यात जावं लागलं, मग पार पलीकडच्या अंगाला. उतारावर उरले होते दगड, शेळ्या आणि मधूनमधून उभे म्हातारे अंजन. ते उरले कारण कुऱ्हाड त्यांच्या लाकडावरून उडते, आणि पाल्यासाठी ते सगळ्यांनाच हवे होते.

मी शिकले. कशी, ते सांगत बसत नाही. औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, मुलींच्या वसतिगृहात राहून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. सीताफळाच्या दिवसांत माय पाटी घेऊन एसटीनं शहागंजच्या बाजारात यायची. सकाळभर विकायची आणि उरलेली दोन फळं मला द्यायला वसतिगृहावर यायची. एकदा मी तिच्याजवळ बसले होते. बुरख्यातली एक बाई फळं चाचपत होती. मायनं भाव सांगायच्या आधी तिला सांगितलं, "ये मेरी लडकी. कॉलेज में झाड का शिकती."

बाई हसली. "झाड का क्या सीखना अम्मा? झाड तो तुमकू आतेच!"

मायला हे इतकं आवडलं की तिनं तिला एक फळ जास्तीचं दिलं. मला नाही आवडलं. एवढे पेपर देऊन जे मिळवायचं, ते मायला आधीच येतं, असं कसं? मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. मुलगे, मुली सगळे धरून पहिली. निकालाचा कागद घेऊन गावात उतरले तेव्हा मी सरळ रस्त्यानं घरी न जाता मुद्दाम पारावरून गेले. तेही लिहून टाकते.

नोकरी मात्र लगेच मिळाली नाही. गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेत होते. त्याच वर्षी जंगलखात्यानं गावाला एक प्रस्ताव दिला. गावालगतचा एक उतार गावानं राखायचा. त्यावर शेळी नाही, कुऱ्हाड नाही. खातं पाणी मुरवायला उतारावर आडवे चर खोदून देईल, गावानं झाडं लावायची. वाढलेलं गवत विळ्यानं कापून गावातल्यांनी वाटून घ्यायचं. राखणदार गावातलाच, पगार खात्याचा. पहिल्या उन्हाळ्यात मोजणी. निम्म्याहून जास्त रोपं जिवंत निघाली तर बंदी पुढे चालू आणि राखणदारही पुढे चालू. नाही तर उतार पुन्हा चराईला मोकळा.

वनसमिती झाली. राखणदार कोण, यावर वनपालसाहेबांनी विचारलं, "चोरवाटा कोणाला माहीत आहेत?"

सगळ्यांनी मायकडं पाहिलं. माय उठून म्हणाली, "निम्मा डोंगर म्याच तोडला साहेब. वाटा मला नाय तर कोनाला माहीत असनार?"

साहेब हसले आणि माय राखणदार झाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला महिन्याचा पगार सुरू झाला आणि डोक्यावर काही न घेता ती डोंगर चढू लागली. समितीचं दप्तर माझ्याकडे आलं, कारण लिहिता येणारे आणखीही होते, पण झाडांचं शिकलेली मी एकटी.

यावरून गावात बोलणं सुरू झालं. सगळ्यात जास्त बोलायचे आमच्या शेजारचे मामा. सख्खे नव्हेत, गावच्या नात्यानं मामा. त्यांचा शेळ्यांचा मोठा कळप होता आणि तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच उतारावर चरत आला होता. पारावर बसून, आम्हाला ऐकू जाईल असं ते म्हणायचे, "माय राखणदार, लेक कारकून. आता लंगड्याला बी साहेब करून टाका म्हंजी झालं!"

बाबा ओट्यावरून ओरडायचे, "करा की! खुर्चीत बसायचंच असतंय ना? बसण्यात माहा हात कोन धरतो बघू!"

पार हसायचा. मी हसायचे नाही. मला ते लागायचं. मी मनाशी ठरवलं होतं, दप्तरात एक अक्षर इकडचं तिकडं होऊ द्यायचं नाही. मायच्या बाबतीत तर नाहीच नाही.

आता झाडं कोणती लावायची? खात्याकडून पिशवीतली रोपं आली, आवळा, करंज, पण थोडी. वर दगडातून ती वाहून नेणंही अवघड. माय म्हणाली, "अंजन लावा. या धोंड्यात दुसरं कोन जगंल?" वैशाखात अंजनाच्या शेंगा वाळून वाऱ्यावर सुटतात. शेंग म्हणजे कागदासारखी चपटी पट्टी, टोकाला एकच बी. मायनं बायका गोळा करून पोतीच्या पोती शेंगा वेचल्या. चरांच्या कडेनं हातभर अंतरावर त्या टोचल्या आणि जागोजागी बोरीच्या काट्या लावल्या.

पावसात अंजन उगवलं. अंगठ्याएवढी काडी आणि तिच्यावर फुलपाखरू बसावं तशी दोन पानं. दिवाळीपर्यंत वीतभर झालं. माय रोज संध्याकाळी येऊन बाबांना सांगायची, आज अमक्या चरात किती दिसली. तिला आकडे नीट यायचे नाहीत, म्हणून ती म्हणायची, "लई हायती. तुमच्या दोराला पुरून उरतीन एवढी."

त्या वर्षभरात तिनं गावाशी वाकडं घेतलं. कुणाची म्हैस हाकलली, कुणाचा विळा काढून घेतला. मामांच्या सात शेळ्या तिनं एकदा थेट कोंडवाड्यात नेऊन घातल्या. मामा दारात येऊन उभे राहिले.

"काय गं, काल-परवापर्यंत तूच डोंगर खात होतीस. आज माह्या शेळीचं तोंड बांधती व्हय?"

"म्हनूनच बांधते भाऊ," माय म्हणाली. "म्या किती खाल्ला ते मला ठावं हाय."

"बघू की. उन्हाळा येऊ दे. मोजणीला काय मोजती बघतो."

उन्हाळा आला. फाल्गुनातच अंजनाची पानं पिवळी पडली, गळली. चैत्र लागला तेव्हा चरांच्या कडेनं नुसत्या तपकिरी काड्या उभ्या होत्या. आवळे, करंज बरेच तगले होते, पण ते मुळातच थोडे. उतार सगळा अंजनाचा होता.

मी वही घेऊन मोजणीला गेले. वहीत दोन रकाने, जिवंत आणि मृत. एकेका काडीपाशी वाकायचं, नखानं खरवडायचं, बोटानं वाकवून पाहायचं. काडी कटकन मोडायची. मी रेघ मारायचे, मृत. पुढची, मृत. माय माझ्या मागून चालत होती.

तिसऱ्या चरात म्हणाली, "मेलं म्हनून कशावरून?"

"पान नाही. काडी मोडती. आत हिरवं नाही. याला मेलंच म्हणतात माय."

"जरा थांब ना. पाऊस पडंस्तोवर तरी."

"मोजणी आत्ताच द्यायची आहे."

"मग वाळलं लिही. मेलं नको लिहू."

"वाळलं असा रकाना नाही."

ती थांबली. म्हणाली, "कर की मग रकाना. तुह्याच हातात पेन हाय."

मी वही मिटली आणि तिला स्पष्ट सांगितलं, "गाव आधीच म्हणतंय माय राखणदार आणि लेक कारकून. तुझ्यासाठी मी खोटं लिहिलं असं उद्या कुणी म्हटलं तर तुझंही गेलं आणि माझंही गेलं. मला जे दिसतं ते मी लिहिणार."

"लिही बाई. शिकलेली तू हायेस."

टोमणा होता की नव्हता, आजही मला सांगता येत नाही. पण तिचा चेहरा पाहवत नव्हता. तिचा पगार, तिचं वर्षभराचं भांडण, उतार राखते म्हणून गावाला दिलेला शब्द, सगळं माझ्या रेघांखाली जात होतं. हे मला कळत होतं आणि तरी मी रेघा मारत होते. शेवटी बेरीज केली, खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं जाऊन वही वनपालसाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "प्रामाणिक आहात. पण वाईट झालं. पुढच्या आठवड्यात ग्रामसभेत बंदी उठवायचा ठराव घेऊ."

परत येताना मला बरं वाटायला हवं होतं. प्रामाणिकपणाचं बरं वाटतं म्हणतात. मी एसटीत मनातल्या मनात तीच बेरीज पुन्हा पुन्हा करत होते.

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. मामा पारावर होते. शेळीच्या गळ्यातली घंटा पुसत म्हणाले, "पोरीनं मात्र खरं लिहिलं हां. शिकल्याचं चीज झालं." ते मनापासून म्हणत होते, म्हणून जास्त लागलं.

माय माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर सोपं गेलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "ग्रामसभेपर्यंत पगार माहाच हाय. फुकट खानार नाय. मेलेल्या काड्या उपटून टाकते, खड्डे मोकळे होतीन. कोनी पुढं आवळे लावले तर लावले." आणि ती गेली.

दुपार व्हायच्या आत ती परत आली. तापलेल्या उन्हात, डोक्यावर पदर नाही, श्वास लागलेला. मला वाटलं काही चावलं. ती म्हणाली, "चल."

"काय झालं?"

"पहार घे आन चल. बोलू नको."

आम्ही पहिल्या चरापाशी गेलो. तिनं एका काडीकडे बोट केलं. म्हणाली, "उपट."

मी वाकून काडी धरली आणि ओढली. वरचा तुकडा मोडून हातात आला.

"वरून नाय. खालून धर. मातीपाशी."

मातीपाशी धरून ओढलं. काडी हलली नाही. दोन्ही हातांनी ओढलं. पाय चराच्या कडेला रोवून ओढलं. वीतभर झाडाची वाळकी काडी आणि मला ती हलेना.

माय म्हणाली, "म्या आजवर किती वाळके बुंधे उपटले असतीन? मेलेलं झाड मातीला धरून बसत नसतंय. हाताला लगेच कळतंय, ते सुटतंयच. सकाळधरून म्या पन्नास ओढले. आवळ्याचे मेलेले दोन आले निमूट. अंजनाचा एक बी आला नाय. एक बी!"

मी नखानं मातीलगतची साल खरवडली. मोजणीच्या वेळी मी खरवडत होते ती काडी, वर, मधोमध. माती बाजूला करून खाली कधी पाहिलंच नव्हतं. सालीखाली हिरवं होतं. ओलं, हिरवं.

मग आम्ही खणायला लागलो. माय पहारेनं मुरूम फोडायची, मी हातांनी उपसायचे. वर पेन्सिलीहून बारीक असलेलं ते झाड खाली गाजरासारखं जाड झालं होतं. कोपरापर्यंत हात गेला, मूळ चालूच. पुरता हात खांद्यापर्यंत गेला, मूळ चालूच. मुरमातून, दगडाच्या फटीतून, सरळ खाली. मी खड्ड्यात पालथी पडून हात घालत होते आणि माय वरून विचारत होती, "संपलं का? संपलं का गं?"

"नाही संपत!"

"आरं देवा! मग काय मेलं म्हनती याला! हे तर घर बांधतंय खाली!"

मला हसू फुटलं. मायलाही. दोघी खड्ड्याच्या कडेला बसलो आणि हसता हसता रडलो. कॉलेजात मी अंजनाचं कूळ शिकले होते, खोडाचा छेद काढला होता, त्याचं लॅटिन नाव काय तेही पाठ होतं. पण ते पहिले काही उन्हाळे वर वाळून जातं आणि सगळी ताकद मुळाला देतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

घरी येऊन बाबांना विचारलं, "बाबा, तुम्ही जन्मभर अंजनावर चढलात. त्याचं पिल्लू कधी पाहिलं?"

बाबांनी दोर वळायचा थांबवला. "नाय बा. म्या तर मोठालंच पाह्यलं. माह्या बापानं बी मोठंच दाखवलं."

तेव्हा मला उमगलं, आमची चूक काय होती. अख्खं गाव अंजनावर जगत होतं. पाला त्याचा, दोर त्याचे, नांगराचं लाकूड त्याचं. पण अंजनाचं पोर गावात कुणीही पाहिलेलं नव्हतं, कारण उगवलेलं प्रत्येक पोर दिवाळीच्या आत शेळीच्या पोटात जात होतं. ते पहिला उन्हाळा कसा काढतं हे पाहायला ते उन्हाळ्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. म्हाताऱ्यांनाही माहीत नाही आणि शिकलेल्यांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी वनपालसाहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, माझी मोजणी चुकली. वही परत द्या."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, चार दिवसांत मेलेली झाडं जिवंत झाली?"

"मेली नव्हतीच. मला बघता आलं नाही."

"की आईनं घरी जेवायला वाढलं नाही?"

राग आला. पण मी ज्या कामासाठी आले होते ते माझ्या रागापेक्षा मोठं होतं. म्हटलं, "साहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका. आईवरही ठेवू नका. ग्रामसभा पारावर न घेता उतारावर घ्या. तुमच्या हातानं एक काडी उपटून दाखवा. आली तर ठराव करा."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मी बदलून येऊन वर्षच झालंय. खरं सांगू? मीही अंजन एवढुसं कधी पाहिलं नाही." आणि त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

ग्रामसभा सकाळी उतारावर भरली. निम्मं गाव आलं होतं. बाबांना दोघांनी खांद्यावर घेऊन वर आणलं. वनपालसाहेब काही बोलणार तेवढ्यात मीच पुढे झाले आणि सगळ्यांना सांगितलं, "मी मोजणीत ही झाडं मेलेली लिहिली. ते चुकलं. कुणी माझ्याकडून खोटं लिहून घेतलेलं नाही, आणि आता बदलतेय तेही कुणाच्या सांगण्यावरून नाही. मामा, तुम्ही या. तुमच्या पसंतीची काडी निवडा आणि उपटा."

मामा हसले. "म्हाताऱ्याची परीक्षा घेती व्हय?" पण आले. बरंच फिरून त्यांनी एक सगळ्यात वाळकी, वाकडी काडी निवडली. धोतर खोचलं, धरली, ओढली. मग फेटा काढून बाजूला ठेवला आणि परत ओढली.

मागून कुणीतरी म्हणालं, "मामा, शेळी बोलवा मदतीला!"

"गप रे!" मामा घामाघूम झाले होते. त्यांनी पहार मागितली. स्वतः खणलं. कोपरभर खाली गेल्यावर त्यांनी मुळाची साल बोटानं दाबली, बोट ओलं झालं ते पाहिलं, आणि खड्ड्यात तसेच बसून राहिले.

मग ते म्हणाले, "च्यायला. आमच्या शेळ्यांनी असले किती खाल्ले असतीन गं?"

मायनं पुढं होऊन त्यांना हात दिला आणि खड्ड्यातून वर घेतलं. मग खणलेली माती पायानं परत मुळाभोवती लोटली आणि दाबली. "जगंल हे," ती म्हणाली. "एवढ्यानं नाय मरत."

वनपालसाहेबांनी बंदी चालू ठेवण्याचा ठराव वाचला. हात वर झाले. मामांचा हात वर झाला की नाही ते मी मुद्दाम पाहिलं. झाला. जरा उशिरा, पण झाला. मी तिथंच दगडावर वही ठेवून माझ्या रेघा खोडल्या, समासात "मोजणाऱ्याची चूक" असं लिहिलं आणि सही केली. ती सही करताना मला लाज वाटली नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळं वाटलं.

खाली उतरताना बाबा दोघांच्या खांद्यावरून ओरडून सांगत होते, "आता तरी मला साहेब करा! डोंगरावर आलो, मिटिंग केली, अजून काय पाहिजे?" आणि त्या वेळी मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

ती झाडं पुढेही अनेक वर्षं तशीच वागली. पावसात पान, चैत्रात काडी. दर उन्हाळ्यात गावातलं कुणी ना कुणी येऊन म्हणायचं, "औंदा मात्र गेलीच बघ." आणि माय म्हणायची, "ओढून बघ." मी मोजणीच्या वहीत हातानं तिसरा रकाना आखला, वाळलेलं पण मुळाशी हिरवं. साहेबांनी त्यावर हरकत घेतली नाही. मग एका वर्षी काड्या वाळल्या नाहीत. त्यानंतर दोन वर्षांत त्या माझ्या डोक्याच्याही वर गेल्या.

माय पाय थकेपर्यंत राखणदार होती. मी पुढं शाळेत शिक्षिका झाले. मामांनी शेळ्या कमी केल्या आणि उरलेल्यांना कापलेलं गवत घालू लागले. त्या गवतासाठी ते विळा घेऊन सगळ्यांच्या आधी हजर असत. रोही, म्हणजे नीलगाई, परत आले, मोर आले. पलीकडच्या खोऱ्यात अस्वलाचे ठसे दिसल्याचं दोघातिघांनी सांगितलं, मी स्वतः पाहिलेले नाहीत.

आमच्या गावच्या उतारावर आज अंजनाचं रान उभं आहे. ते बियांपासून वाढलेलं आहे, आणि त्यावरची बंदी गावानं अजून उठवलेली नाही.